गोलाखाली वाक्य नाही, तर गोल काढायचा नाही: टीओसीचा अभ्यास कागदावर कसा करावा

तिसऱ्या वर्षाच्या कॉम्प्युटरच्या मुलांना सगळ्यात जास्त धास्ती असते ती थिअरी ऑफ कॉम्प्युटेशनची, म्हणजे आपल्या बोलण्यातल्या टीओसीची. प्रोग्राम लिहायचा नाही, स्क्रीनवर काही चालताना दिसत नाही, नुसते गोल आणि बाण. गोल म्हणजे कागदावरच्या मशीनची एक अवस्था (स्टेट), बाण म्हणजे एक चिन्ह वाचल्यावर ते कुठे जातं ते. स्ट्रिंग म्हणजे चिन्हांची ओळ; ती वाचून संपताना मशीन दुहेरी गोलात असेल तर स्ट्रिंग मान्य. मी सांगलीकडच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात अकरा वर्षं हा विषय शिकवते आहे. विद्यार्थिनी असताना याच विषयात माझी केटी लागली होती, म्हणजे मी नापास झाले होते, आणि ती का लागली हे कळल्यावरच मला हा विषय आला. म्हणून तिथूनच सुरुवात करते.

झेरॉक्सच्या दुकानात मिळणाऱ्या नोट्समधल्या वीस-बावीस आकृत्या मी पाठ केल्या होत्या. त्यात अ आणि ब या दोनच चिन्हांच्या, ‘अबबने संपणाऱ्या स्ट्रिंग’ ही आकृती होती. पेपरात आलं ‘ज्यात अबब कुठेही येत नाही अशा स्ट्रिंग’. मी पाठ केलेली आकृती काढली, दुहेरी गोल इकडचे तिकडे केले आणि पुढे गेले. उत्तर चुकलं. सुट्टीत मावशीकडे गेले होते, तिथे जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूवर तोच प्रश्न पुन्हा घेऊन बसले. या वेळी प्रत्येक गोलाखाली मराठीत लिहिलं, की या गोलात पोचलेल्या मशीनला नेमकं काय आठवतंय.

पहिल्या गोलाखाली: ‘कामाचं काही जुळलेलं नाही.’ दुसऱ्याखाली: ‘शेवटी अ आहे.’ तिसऱ्याखाली: ‘शेवटी अब आहे.’ चौथ्याखाली आले आणि तिथेच मला माझी चूक दिसली. ‘अबबने संपणाऱ्या’ स्ट्रिंगसाठी चौथं वाक्य होतं ‘शेवटी अबब आहे’. तिथून अ आला की दुसऱ्या गोलात जायचं, ब आला की पहिल्यात. ‘अबब कुठेही नाही’साठी मात्र चौथं वाक्य ‘अबब कधीतरी येऊन गेलंय’ असं होतं. येऊन गेलेलं काही पुसता येत नाही, म्हणून तिथून बाहेर जाणारा बाणच नाही. अ आला काय, ब आला काय, तिथेच फिरत राहायचं. दुहेरी गोल पहिल्या तिघांना. दोन प्रश्नांत पहिल्या तीन गोलांखालची वाक्यं हुबेहूब सारखी, फरक फक्त एका वाक्याचा. आणि तेच वाक्य माझ्या पाठांतरात नव्हतं.

तेव्हापासून माझा एकच नियम आहे आणि वर्गात पहिल्याच तासाला मी तो फळ्याच्या कोपऱ्यात लिहिते: गोलाखाली वाक्य लिहिता येत नसेल तर गोल काढायचा नाही. पुढे जे सांगणार आहे ते सगळं या नियमाचा वापर आहे.

तीनने भाग जातो का?

सरावाला ही पहिली आकृती घ्या. बायनरी आकडा डावीकडून एकेक अंक वाचत यायचा आणि शेवटी सांगायचं, तीनने निःशेष भाग गेला की नाही. मुलं लगेच विचारतात, ‘मॅडम, आकडा केवढा मोठा?’ कितीही मोठा, हजार अंकांचा असला तरी चालेल. आता विचार करा, अख्खा आकडा लक्षात ठेवायची गरज आहे का? फक्त बाकी लक्षात ठेवली की झालं. बाकी तीनच प्रकारची असू शकते, म्हणून गोल तीन: ‘बाकी ०’, ‘बाकी १’, ‘बाकी २’.

बाण कसे काढायचे? बायनरीत पुढचा अंक आला की आधीचा आकडा दुप्पट होतो आणि त्यात नवा अंक मिळतो. ‘बाकी १’ मध्ये असताना १ आला तर एक दुणे दोन आणि एक तीन, म्हणजे ‘बाकी ०’. ‘बाकी २’ मध्ये ० आला तर चार, म्हणजे ‘बाकी १’. सहाही बाण असेच मिळतात, एकही पाठ करावा लागत नाही. मग तपासा: ११०१ म्हणजे तेरा. आपण ‘बाकी ०’ पासून निघतो. १ ने ‘बाकी १’, पुढच्या १ ने ‘बाकी ०’, ० ने तिथेच, शेवटच्या १ ने ‘बाकी १’. तेराला तीनने भागल्यावर बाकी एकच राहते. जमलं.

आता हेच मशीन आपल्या नेहमीच्या दशमान आकड्यांसाठी करा. पुढचा अंक आला की आधीचा आकडा दसपट होतो. पण दहाला तीनने भागलं की बाकी १, त्यामुळे दसपट करूनही बाकी बदलत नाही, फक्त नवा अंक तिच्यात मिळवायचा. म्हणजे अंकांची बेरीज करत जायचं. शाळेत शिकलेली तीनची कसोटी ती हीच. दरवर्षी हे फळ्यावर उलगडलं की मागच्या बाकावरून कुणीतरी ‘अरे, हे असंय होय!’ म्हणतंच, आणि माझ्या मते या विषयाची खरी सुरुवात त्या क्षणी होते.

मशीनच्या आधी भाषा ठरवा

या विषयात भाषा म्हणजे मशीनने मान्य करायच्या सगळ्या स्ट्रिंगांचा संच. नियम कळला तरी मुलं इथे हमखास अडखळतात. प्रश्न अर्धवट वाचून पेन्सिल चालवायला लागतात. चिन्हं कोणती? रिकामी, म्हणजे एकही चिन्ह नसलेली स्ट्रिंग चालते का? या दोन गोष्टी आधी कागदाच्या वरच्या कोपऱ्यात लिहा. त्याखाली चालणाऱ्या पाच आणि न चालणाऱ्या पाच स्ट्रिंग लिहा, आणि दोन्हींपैकी जिथे बसेल तिथे रिकामी स्ट्रिंग घालाच. आकृती झाल्यावर या दहाही स्ट्रिंग बोटाने चालवून बघायच्या.

हे किती महत्त्वाचं आहे ते मी आपल्या लिपीवरून शिकवते. तुम्ही मोबाइलवर ‘स्त्री’ टाइप करता तेव्हा पडद्यावर एक अक्षर दिसतं, पण आत सहा चिन्हं साठवलेली असतात: स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी. या चिन्हांच्या ओळीतून एक अक्षर नीट तयार होतंय का, हे ओळखणारं मशीन आपण काढू. चिन्हांचे पाच गट पुरेत: व्यंजन, स्वतंत्र स्वर, मात्रा, हलन्त आणि अनुस्वार.

पहिला गोल: ‘अजून काही आलेलं नाही.’ दुसरा: ‘व्यंजन आलंय, मात्रा लागू शकते, पाय मोडू शकतो, अनुस्वार येऊ शकतो.’ तिसरा: ‘पाय मोडलाय, आता व्यंजन हवंच.’ चौथा: ‘मात्रा लागली किंवा स्वर आला, आता आला तर अनुस्वारच.’ पाचवा: ‘अनुस्वार लागला, अक्षर पुरं झालं.’ सहावा: ‘याचं अक्षर होऊच शकत नाही.’ दुहेरी गोल दुसऱ्याला, चौथ्याला आणि पाचव्याला.

चौथ्या गोलात ‘किंवा’ आहे, तिथे थांबा. ‘कि’ आणि ‘इ’ या दोघांचा भूतकाळ वेगळा आहे, पण इथून पुढे दोघांच्या नशिबात जे येऊ शकतं ते अगदी सारखं. पुढचं सारखं असेल तर मागचं वेगळं असूनही दोघांना एकच गोल पुरतो. पुढचं वेगळं असेल तर मात्र दोन गोल लागतातच. मायहिल-नेरोड नावाचा प्रमेय म्हणतो तो हाच, आणि पुढे पंपिंग लेमाला हेच वाक्य कामाला येणार आहे.

मागच्या वर्षी एका मुलीने हे मशीन फळ्यावर असताना हात वर केला. ‘मॅडम, मग अर्थात्-चं काय? शेवटी पाय मोडलाय की.’ तिचं बरोबर होतं. पाय मोडलेल्या व्यंजनावर संपणं चालवून घ्यायचं असेल तर तिसरा गोल दुहेरी करावा लागतो आणि त्याखालचं ‘व्यंजन हवंच’ बदलून ‘व्यंजन येईल किंवा इथेच संपेल’ असं लिहावं लागतं. मशीन चुकलेलं नव्हतं, भाषा काय हे आम्ही आधी ठरवलं नव्हतं.

आणि हा नुसता वर्गातला खेळ नाही. अँड्रॉइड, क्रोम आणि फायरफॉक्समध्ये अक्षरजुळणीचं काम हार्फबझ नावाची लायब्ररी करते. भारतीय लिप्यांसाठी तिच्यात अशीच स्टेट मशीन आहेत, रॅगेल नावाच्या साधनाने तयार केलेली. एकटी मात्रा टाइप केली की तिच्याजवळ ठिपक्यांचं वर्तुळ दिसतं ना? ते आपल्या सहाव्या गोलाचं घर.

एनएफएचा डीएफए करताना

इथे फार वेळ घालवत नाही, कारण ही कृती यांत्रिक आहे आणि दोन दिवसांच्या सरावाने बसते. आत्तापर्यंत काढली ती मशीन डीएफए: प्रत्येक गोलातून प्रत्येक चिन्हाला एकच बाण. एनएफएत एकाच चिन्हाला अनेक बाण चालतात, त्यामुळे तो एकाच वेळी अनेक गोलांत असू शकतो, म्हणून डीएफएच्या प्रत्येक गोलाखालचं वाक्य असं होतं: ‘आत्ता मी या-यापैकी कुठेही असू शकतो.’ मायकेल रॅबिन आणि डेना स्कॉट यांनी १९५९ च्या शोधनिबंधात हे मांडलं आणि १९७६ चा ट्युरिंग पुरस्कार दोघांना त्याच निबंधासाठी मिळाला. आधी तक्ता करा, आकृती शेवटी. सगळे उपसंच आधीच लिहीत बसू नका. सुरुवातीपासून जिथे पोचता येतं तेवढेच लिहा.

एक उदाहरण मात्र हाताने कराच: ‘शेवटून तिसरं चिन्ह अ असलेल्या स्ट्रिंग.’ एनएफएला चार गोल पुरतात, डीएफएला आठ लागतात. का? डीएफएला शेवटची तीन चिन्हं कोणती होती हे लक्षात ठेवावं लागतं, आणि अ-ब मिळून तशा आठ शक्यता होतात. ‘शेवटून दहावं’ म्हटलं की एनएफएचे गोल अकरा आणि डीएफएचे एक हजार चोवीस.

पंपिंग लेमा: सुरी कुणाच्या हातात?

हा भाग मी सगळ्यात सावकाश शिकवते, कारण इथे हुशार मुलंसुद्धा उत्तर पाठ करतात आणि प्रश्न बदलला की कोसळतात.

ज्या भाषेसाठी असं मशीन काढता येतं ती रेग्युलर. पंपिंग लेमा म्हणतो, की रेग्युलर भाषेतल्या पुरेशा लांब स्ट्रिंगमध्ये असा एक तुकडा असतो, जो कितीही वेळा घातला (म्हणजे पंप केला) किंवा काढून टाकला तरी स्ट्रिंग भाषेतच राहते. आधी हा लेमा का खरा आहे ते बघा. मशीनला समजा प इतके गोल आहेत. प चिन्हांची स्ट्रिंग वाचताना, सुरुवातीचा गोल धरून, प अधिक एक वेळा कुठल्या ना कुठल्या गोलात पाय पडतो. गोल प-च आहेत, म्हणजे एका गोलात निदान दोनदा पाय पडलाच. दोन भेटींच्या मधला फेरा एकदा मारा, पाचदा मारा किंवा अजिबात मारू नका, मशीनला फरक कळणार नाही, कारण त्या गोलाखाली वाक्य एकच आहे. मशीन फेऱ्या मोजत नाही. एवढाच लेमा.

आता वापर. हा दोघांचा डाव आहे आणि कोणाची पाळी कधी हे कागदावर लिहून ठेवायचं. समोरचा म्हणतो, ‘ही भाषा रेग्युलर आहे.’ तो प सांगतो. मग मी स्ट्रिंग निवडते, भाषेतली आणि निदान प लांबीची. मग तो तिचे तीन तुकडे करतो. पहिले दोन मिळून प पेक्षा लांब नसावेत आणि मधला रिकामा नसावा, एवढ्याच त्याला अटी. शेवटी मी मधला तुकडा किती वेळा घालायचा ते सांगते आणि स्ट्रिंग भाषेबाहेर काढते. तो कसाही कापो, मला जिंकता आलं पाहिजे.

‘जेवढे अ, त्यानंतर तेवढेच ब’ ही भाषा घ्या. एकदा एक मुलगा फळ्यावर आला आणि म्हणाला, ‘मॅडम, मधला तुकडा मी ‘अब’ घेतो. दोनदा घातला की ‘अबअब’ होतं आणि क्रम बिघडतो.’

मी म्हटलं, ‘तू कापायचंच नाहीस रे. सुरी त्याच्या हातात आहे.’

‘मग मी करू काय?’

‘अशी स्ट्रिंग दे, की त्याने कुठेही कापलं तरी तो अडकेल.’

तो थोडा वेळ फळ्याकडे बघत उभा राहिला आणि त्याने स्वतःच लिहिलं: आधी प इतके अ, मग प इतके ब. पहिले दोन तुकडे पहिल्या प चिन्हांतच बसवायचे आहेत आणि तिथे सगळे अ-च आहेत. म्हणजे मधला तुकडा नुसत्या अ-चाच होणार. तो दोनदा घातला की अ वाढले, ब तेवढेच. डाव संपला.

पेपर तपासताना तीन चुका मला पुन्हा पुन्हा दिसतात. पहिली, प-ची किंमत आपणच ३ किंवा ४ धरणं. प समोरच्याचा आहे, उत्तरात तो प म्हणूनच राहायला हवा. दुसरी, वर सांगितलेली, स्वतः कापणं. तिसरी सगळ्यात गंभीर: ‘पंप करता आली, म्हणून भाषा रेग्युलर आहे’ असं लिहिणं. या लेमाने भाषा रेग्युलर नाही एवढंच दाखवता येतं. रेग्युलर आहे हे दाखवायचं तर मशीन काढा किंवा रेग्युलर एक्स्प्रेशन लिहा.

हा डाव बसला की पुढचा स्वतः खेळा: ज्यांची लांबी पूर्ण वर्ग आहे अशा नुसत्या अ-च्या स्ट्रिंग. प-चा वर्ग इतक्या लांबीची स्ट्रिंग द्या. मधला तुकडा एकदा जास्त घातला तर लांबी वाढून वाढून प-नेच वाढेल, आणि पुढचा वर्ग तर दोन प अधिक एक इतका लांब आहे. मधल्या मोकळ्या जागेत स्ट्रिंग अडकते. मला हे उत्तर फार आवडतं.

रामाला भाला मारा

पुशडाउन मशीनला, म्हणजे पीडीएला, गोलांखेरीज एक स्टॅक मिळतो. मेसमधली ताटांची चवड आठवा: वर ठेवायचं, वरचंच काढायचं. आपल्याकडचं उलटसुलट सारखं वाचलं जाणारं ‘रामाला भाला मारा’ घ्या. रा, मा, ला चवडीवर ठेवले, ‘भा’ ओलांडला, मग ला, मा, रा आले तसे जुळवून काढले. चवड रिकामी, वाक्य मान्य.

दोन गोष्टी इथे नीट बघा. एक, ‘भा’ मधोमध आहे हे मशीनला कोण सांगणार? कुणीच नाही, त्याला अंदाज करावा लागतो. म्हणूनच अशा उलटसुलट स्ट्रिंगांच्या भाषेला डिटरमिनिस्टिक, म्हणजे अंदाज न करणारा पीडीए पुरत नाही. मधोमध ठरलेली खूण ठेवली तर मात्र पुरतो. दोन, इथे आपण एक अक्षर म्हणजे एक चिन्ह धरलं. मोबाइलच्या आतली र, काना, म, काना अशी चिन्हं धरली तर हेच वाक्य उलटं वाचताना कान्यापासून सुरू होईल आणि जुळणारच नाही. भाषा आधी ठरवा, असं मी का म्हणते ते इथे पुन्हा दिसेल.

शेवटचं युनिट

ट्युरिंग मशीन म्हणजे पट्टीवर पुढे-मागे सरकत वाचणारं, खोडणारं आणि लिहिणारं मशीन. त्याच्या आकृत्यांना घाबरू नका, तिथेही प्रत्येक स्टेटखाली वाक्यच लिहायचं: ‘डावीकडचा न खोडलेला अ शोधतोय’, ‘परत येतोय’. वेळ द्यायचा तो रिडक्शनला, म्हणजे एका प्रश्नाच्या मदतीने दुसरा सोडवून दाखवण्याला. ॲलन ट्युरिंग यांनी १९३६ मध्ये दाखवलं की काही प्रश्न कुठल्याच मशीनला सुटत नाहीत. नवा प्रश्न तसा आहे हे दाखवताना मुलं दिशा उलटी करतात. म्हणून उत्तराची पहिली ओळ अशीच लिहा: ‘समजा नवा प्रश्न सोडवणारं मशीन माझ्याकडे आहे, मग त्याच्या मदतीने मी हॉल्टिंग सोडवून दाखवते.’ हॉल्टिंग म्हणजे दिलेलं मशीन कधी थांबेल की नाही हा प्रश्न, कुठल्याच मशीनला न सुटणारा. मदत नव्या प्रश्नाची, सुटतो तो जुना, अवघड म्हणून माहीत असलेला. एनपी-कम्प्लीट, म्हणजे उत्तर झटपट तपासता येतं पण झटपट शोधायची रीत कुणाला माहीत नाही अशा सगळ्यात अवघड प्रश्नांमध्येही दिशा हीच. स्टीफन कुक यांचा १९७१ चा प्रमेय आणि रिचर्ड कार्प यांनी १९७२ मध्ये दिलेले २१ प्रश्न याच दिशेने जोडलेले आहेत.

हा सगळा भाग परदेशातल्या जुन्या लोकांचा आहे असं वाटत असेल तर कानपूरकडे बघा. २००२ मध्ये आयआयटी कानपूरच्या मणींद्र अगरवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी दाखवलं, की एखादी संख्या मूळ आहे का हे पॉलिनॉमियल वेळात, म्हणजे अंक वाढले तरी आवाक्यात राहणाऱ्या वेळात, ठरवता येतं. कयाल आणि सक्सेना यांचं बी.टेक. त्याच वर्षी पूर्ण झालं होतं. तुमच्याच वयाची मुलं.

रोज किती आणि कसं

सेमिस्टरच्या पहिल्या महिन्यापासून रोज एकच आकृती, पण ती वाक्यांसकट आणि दहा स्ट्रिंगांसकट. कागद आणि पेन्सिलच घ्या. जेफ्लॅप नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, त्यात आकृती काढून बऱ्याच स्ट्रिंग एकदम तपासता येतात. पण ते कागदावरचं उत्तर पक्कं झाल्यावर उघडा. जुने पेपर सोडवताना प्रश्नातला एक शब्द स्वतः बदला: ‘संपणाऱ्या’ऐवजी ‘सुरू होणाऱ्या’, ‘सम’ऐवजी ‘विषम’, आणि कोणतं वाक्य बदललं ते बघा. जोडीने अभ्यास करत असाल तर पंपिंग लेमा समोरासमोर बसून खेळा, एकाने खरोखर कापायचं.

आजच्यासाठी एक आकृती देते. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ हे शब्द घ्या. पहिल्यात द-नंतर र, हलन्त, य, काना. दुसऱ्यात ऱ, हलन्त, य, काना. वरच्या आपल्या मशीनमध्ये दोन्ही अक्षरं अगदी त्याच गोलांमधून जातात, पण पडद्यावर एकाचा रफार होतो आणि दुसऱ्याचा आडवा अर्धा र. कोणता काढायचा हे मशीनने सांगावं असं हवं असेल तर कोणते गोल फोडावे लागतील? फोडल्यावर प्रत्येकाखाली नवं वाक्य लिहा. तपासायला तीन अक्षरं घ्या: र्या, ऱ्या आणि प्र. तिसऱ्यातही र आहे, पण तिथे रफार येता कामा नये.